नवरात्रातला लसूण

लसणाचा वास पहिल्यांदा आला तो तिसऱ्या माळेला, आणि आला तो प्रेमाबाईलाच. पहाटे डोक्यावरून आंघोळ करून ती देवघरात शिरली, दिव्यात तेल घालायला वाकली आणि तशीच थबकली. धूप, कापूर, करडीचं तेल, घटाची ओली माती, कालच्या माळेतली सुकलेली तरवडाची फुलं, हे सगळे वास तिच्या ओळखीचे. त्यांच्यामधून एक भलताच वास आला. कुणीतरी चार पाकळ्या ठेचून दाराआड ठेवल्यासारखा.

घरात घट बसलेला, आणि लसूण!

आता ही प्रेमाबाई म्हणजे साधीसुधी बाई नव्हे. तामलवाडीच्या पलीकडं, रस्ता सोडून आत गेलं की वस्ती लागते, तिथं तिचं घर. आठ एकर रान, दोन खोल्या, मागं एक पत्र्याची खोली आणि पुढं ओसरी. एवढ्या पसाऱ्यात तिचा खरा रुबाब चालायचा तो आश्विनात. बांधावर कारळ पिवळं झालं, तरवडाला फुलं लागली, सोयाबीनची पानं झडून नुसत्या शेंगा वाजायला लागल्या, की बाईच्या पायाला भिंगरी. भिंती सारवायच्या, अंथरुणं-पांघरुणं ओढ्याला न्यायची, तुरीच्या तासातली माती आणून तीनदा चाळायची, नऊ धान्यं निवडायची. नवरा वारल्यावर चार बायका कुजबुजल्या, पण घट बसवायचा मान तिनं कुणाच्या हाती दिला नाही. सुनेच्याही नाही. आणि घट असा उगवायचा की नवव्या माळेला वस्तीवरच्या बाया मुद्दाम बघायला यायच्या. "हात चांगला हाय प्रेमाबाईचा," म्हणायच्या. बाई वरवर नको नको करायची आणि आतून फुलायची.

घरात माणसं चारच. मुलगा बलभीम, सून शिवकन्या, सात वर्षांची नात राजेश्वरी, म्हणजे राजी, आणि प्रेमाबाई. राजी म्हणजे आजीची शेपटी. तरवडाची फुलं तोडायला राजी, माळ ओवायला राजी, आजीच्या मांडीवर झोपायलाही राजीच. यंदा दसऱ्याला घटातले कोंब दोन्ही वेण्यांत खोवायचे, असं तिनं आधीच ठरवून टाकलं होतं. "सगळ्यात लांब कोंब माझे हां आज्जी," हे दिवसातून दहादा.

बलभीम मात्र नवरात्रात घरी नसायचा. नऊ दिवस तुळजापुरात कवड्यांच्या माळा, परड्या आणि कुंकवाचं दुकान मांडायचा. यंदा अमावास्येच्या संध्याकाळी निघता निघता त्यानं एक काम उरकलं. गव्हाला सोंडकिडे लागले होते. मागच्या पत्र्याच्या खोलीतल्या आठही पोत्यांत त्यानं दुकानातून आणलेल्या गोळ्या घातल्या, पोत्यांची तोंडं शिवली, दार ओढून फटींना चिखल लिंपला. आईला म्हणाला, "माय, धा दिवस ह्या खोलीकडं कुणी फिरकायचं न्हाय. गव्हात गोळ्या घातल्यात."

प्रेमाबाई माती चाळत होती. "व्हय व्हय. जा तू, गाडी चुकंल."

आणि पहिल्याच माळेच्या रात्री परतीचा पाऊस आला. आला म्हणजे काय, धो धो आला. सकाळी बघतात तो पत्र्याच्या खोलीचा एक पत्रा उचकटलेला आणि दाराखालून पाणी वाहतंय. वर्षाचे गहू! प्रेमाबाईनं शेजारच्या रानातल्या वीरप्पाला हाक मारली.

शिवकन्या म्हणाली, "आत्या, ह्यांनी खोलीकडं जाऊ नका म्हणून सांगितलंय."

"खोलीकडं जाऊ नका म्हणला. गहू भिजू द्या म्हणला का?"

वीरप्पा हसला. स्वयंपाकघरात तर पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ओली-सुकी आठही पोती देवघरात गेली आणि भिंतीला थप्पी लागली. अखंड दिवा नऊ दिवस विझता कामा नये, म्हणून खिडकीला आधीच गोणपाट ठोकलेलं होतं, दारही सदा लोटलेलं. औषध पोत्यात, पोत्याचं तोंड शिवलेलं, मग माणसाला त्याचं काय, असा बाईचा सरळ हिशेब. त्या हिशेबात चूक आहे हे सांगणारा तिकडं तुळजापुरात कुंकू विकत बसला होता.

तर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या माळेला, हा वास.

प्रेमाबाईनं स्वयंपाकघर पालथं घातलं. नवरात्र लागायच्या आधीच कांदा-लसूण घराबाहेर काढलेला होता. शिंकाळं झाडलं, डबे हुंगले, पाटा-वरवंटा चिंचेनं घासून काढला. लसणाचं सालपट मिळेल तर शपथ. पण देवघरात गेलं की वास आहेच. मग बाईच्या मनात एकच उत्तर आलं, आणि ते सुनेकडं बोट दाखवणारं होतं. पोरगी रानात दुसऱ्या बायांबरोबर सोयाबीन काढते. त्यांच्या भाकरीवर लसणाची चटणी असणारच. खाल्ली असेल जिभेच्या चोचल्यानं आणि तशीच आली असेल देवघरात!

चौथ्या माळेला वीरप्पाची बायको इरम्मा कारळाची फुलं घेऊन आली. देवघराच्या दारात तिनंही नाक मुरडलं. "अगं बाई, लसूण का काय?"

झालं. प्रेमाबाईचा पारा चढला. चारचौघांत नाक कापलं गेलं ना! शिवकन्या नुकतीच रानातून येऊन हातपाय धूत होती. सासूनं तिला ओसरीवर उभं केलं.

"हात दाखव."

"कशाला, आत्या?"

"दाखव म्हणते ना!"

शिवकन्येनं हात पुढं केले. काडानं कापलेले, बोटांच्या पेरांत काळी माती अडकलेली. प्रेमाबाईनं ते दोन्ही हात धरून नाकाशी नेले आणि हुंगले. सोयाबीनच्या वाळक्या काडाचा वास होता, साबणाचा होता. लसणाचा नव्हता. कणभरही नव्हता. पण इरम्मा कमरेवर हात ठेवून बघत होती, आणि बाईची जीभ आधीच पुढं गेलेली होती.

"येतोय," प्रेमाबाई म्हणाली.

"आत्या, देवीची आण घेऊन सांगते, म्या लसणाला शिवलेलीसुदीक न्हाय."

"देवीचं नाव घ्यायचं न्हाय त्या तोंडानं! दसऱ्यापर्यंत देवघरात पाय ठेवू नको. ओसरीवर झोपायचं. अन् बलभीमला फोनवर काय सांगशील तर याद राख. देवीच्या दारात बसलाय तो. त्याच्या कानावर घरातला विटाळ घालायचा न्हाय."

शिवकन्येचे डोळे भरले, पण ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "बरं. पण राजीला तरी माझ्यापाशी झोपू द्या."

"राजी दिव्यापाशी झोपंल. माझ्यापाशी."

त्या दिवसापासून शिवकन्या उजाडायच्या आत रानात जायची आणि दिवस मावळता यायची. लेकीशी बोलणं काय ते ओसरीवरून. आत नवरात्र चाललं होतं आणि ती बाहेर होती.

पाचव्या माळेला घटाशेजारी पाल मरून पडलेली दिसली. पोत्यांच्या बुडाशी चार-पाच झुरळं उताणी, आणि कोपऱ्यात एक उंदीर, पाय ताठ झालेला. प्रेमाबाईनं सुपलीत भरून सगळं बाहेर टाकलं. "आई घर झाडतीया," ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला राजीशिवाय कुणी नव्हतं. घरची मांजर रोज दुधासाठी पायात घोटाळायची, तीही देवघराच्या उंबऱ्यापाशी आली, नाक फेंदारलं, पाठ फुगवली आणि माघारी वळली. बाईनं पुचकारलं तरी आली नाही.

प्रेमाबाईचं डोकं ठणकत होतं. तोंडाला कसलीशी चव होती आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटत होतं. उपवासाचं पित्त असेल. दरवर्षी थोडं होतंच की. पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. सून चार हात लांब आहे, देवघराकडं फिरकत नाही, तरी वास कमी व्हायच्या ऐवजी वाढतोय. आणि त्या हातांना वास नव्हता, हे तिच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला माहीत होतं? मग वास येतो कुठून? हा प्रश्न अगदी जिभेवर आला होता. वीरप्पाला बोलावून विचारावं, असंही एकदा वाटलं. पण विचारायचं म्हणजे आधी खोटं बोलल्याचं कबूल करायचं. बाईनं तो प्रश्न गिळला आणि दिव्यात तेल घातलं.

सहाव्या माळेला घट वीतभर आला. बंद खोलीत, उबेत, पिवळेधमक कोंब, सारख्या उंचीचे, दाट. दोन बाया बघून गेल्या. "असा घट बापजन्मात बघितला न्हाय," त्यातली एक म्हणाली. प्रेमाबाईला धीर आला. देवी कोपली असती तर घट असा आला असता का? तिनं स्वतःच्या मनाला हे दोनदा बजावलं.

त्याच संध्याकाळी राजीला उलटी झाली.

"भगर बाधली," आजी म्हणाली. पोरीला चूळ भरायला लावली, कपाळाला अंगारा लावला, जीभ गोड व्हायला एक बत्तासा दिला. राजीनं बत्तासा हातातच धरून ठेवला.

"आज्जी, मला आईकडं झोपू दे ना."

"असं म्हणू नये. दिवा एकटा ठेवायचा नसतो."

"हितं गच्च होतंय गं. हितं." राजीनं छातीवर हात ठेवला.

प्रेमाबाईनं तिला कुशीत घेतलं, थोपटलं, देवीचे आराधी म्हणतात तसलं एक गाणं गुणगुणली. नवरात्रात खाटेवर झोपायचं नाही म्हणून दोघींची घोंगडी जमिनीवर, पोत्यांना लागूनच. पोर तळमळत राहिली. ओसरीवर कूस बदलल्याचा आवाज आला. दार दोन बोटं उघडावं, वारा येईल, असं बाईच्या मनात आलं होतं, खोटं कशाला बोला. मग तिची नजर दिव्याकडं गेली. ज्योत थरथरत होती. तिनं दाराच्या फटीला लुगडं लावलं.

सातव्या माळेला राजी फुलं तोडायला उठली नाही. रानात निघालेली शिवकन्या ओसरीच्या कडेला थांबली. "राजी कुठंय, आत्या?"

"झोपलीया. दमलीया पोर. जा तू."

शिवकन्या दाराकडं बघत उभी राहिली. मग विळा उचलून गेली. पाऊस परत यायच्या आत काड गोळा करायचं होतं.

दिवसभर प्रेमाबाई पोरीच्या उशाशी बसून. राजी मधेच उठायची, पाणी मागायची, प्यायली की ओकायची. बाईनं दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या उतरवल्या. देवीपुढं पदर पसरून म्हणाली, "माझ्या सुनेनं बाटवलं असंल तर तिचं तिला. लेकराला कशाला?" म्हणताना तिची जीभ अडखळली, कारण देवीला तर खरं काय ते माहीत होतं. मग तिनं दुसरा नवस केला, लेकरू उठलं की राजीला घेऊन अनवाणी तुळजापूरला येईन. दवाखान्याचं नाव तिनं काढलं नाही. घटावरून उठायचं नाही, दिवा सोडायचा नाही, आणि पोरीला देवीच्या पायापासून लांब न्यायला तिचं मन धजत नव्हतं. दिवस मावळता शिवकन्या परतली, तेव्हाही बाईनं "झोपलीया" म्हणून तिला दाराआडूनच परतवलं.

आठव्या माळेला दिवस कलताना शिवकन्या घरी आली. भारा खाली टाकते न टाकते तोच आतून खोकला ऐकू आला. लेकराचा खोकला असा नसतो. ओला, घरघरता. ती तशीच, मातीच्या पायांनी, उंबरा ओलांडून देवघरात शिरली.

"अगं ए! कुठं घुसतीस!" प्रेमाबाई आडवी आली. शिवकन्येनं तिला हातानं बाजूला केलं. सासूला हात लावायची ही तिची पहिलीच वेळ.

राजीचे ओठ निळसर पडले होते. तोंडाच्या कडेला फेस होता. डोळे उघडे होते, पण आईकडं बघत नव्हते. "तीन दिस झाले, वकतीया," प्रेमाबाई मागून पुटपुटली. शिवकन्येनं तिथंच खाली बसून लेकीला मांडीवर घेतलं आणि एका हातानं फोन लावला. पलीकडून संबळाचा आवाज, गर्दीचा कल्लोळ.

"ऐकताय का? राजीला लई झालंय. वकतीया, छाती घरघरतीया. तीन दिस झाले म्हणं, मला आज कळतंय."

"तीन दिस? तू कुठं हुतीस?"

"मला आत येऊ देत न्हाईत. देवघरात लसणाचा वास येतोय, त्यो माझा म्हणून मला ओसरीवर काढलंय."

पलीकडून बलभीमचा आवाज आला, पण ओळखू न येण्यासारखा. "कसला वास म्हणलीस?"

"लसणाचा."

"गव्हाची पोती कुठं हायेत?"

"देवघरात. पत्रा गळायला लागला म्हणून…"

"बाहेर काढ!" तो इतक्या जोरात ओरडला की फोन कानाला नसलेल्या प्रेमाबाईलाही ऐकू आलं. "अगं त्या गोळ्यांचा ग्यास हाय! दुकानदारानं बजावलं हुतं, लसणावानी वास आला की घर सोडून पळा म्हणून! दारं उघड, खिडक्या उघड, पोरीला बाहेर काढ, मायला बाहेर काढ!"

शिवकन्येनं राजीला उचललं आणि लाथेनं दार सताड उघडलं. आश्विनातला कोरडा वारा भपकन आत आला. दिवा फडफडला. आणि प्रेमाबाईनं काय करावं? समोर सून लेकराला घेऊन धावतेय, आणि बाईचे दोन्ही हात आपसूक पुढं गेले, ज्योतीभोवती ओंजळ धरायला. नात नाही, दिवा. ओंजळीतच दिवा विझला. काळ्या वातीचा धूर बोटांमधून वर आला, तेव्हा कुठं ती भानावर आली आणि अडखळत बाहेर धावली.

वीरप्पानं छोटा टेम्पो काढला. सोलापूरपर्यंत शिवकन्या लेकीच्या तोंडावर वारा घालत होती, "बघ माझ्याकडं, राजी, बघ माझ्याकडं," एवढंच म्हणत होती. समोरून तुळजापूरकडं निघालेली माणसं रस्त्याच्या कडेनं अनवाणी चालत होती, हातात ज्योती घेऊन.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "वास कधीपासून येत होता?"

बलभीम तोवर येऊन पोचला होता. त्यानं आईकडं बघितलं.

"तिसऱ्या माळेपासनं," प्रेमाबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मनात दिवस मोजले आणि कागदावर काही लिहिलं. "ह्या विषाला उतारा नसतो, आजी. आम्ही छाती चालू ठेवायचा प्रयत्न करतो. लवकर आणली असती तर गोष्ट वेगळी होती." बाई चिडून बोलल्या नाहीत, साधंच बोलल्या. प्रेमाबाईला वाटलं, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दसऱ्याच्या दिवशी पहाटे राजी गेली. दवाखान्याच्या आवारात ड्रायव्हर गाड्या धूत होते, बॉनेटला झेंडूचे हार बांधत होते. बलभीम लेकीला दोन्ही हातांवर घेऊन त्या गाड्यांमधून चालत आला, तेव्हा एकानं हातातला हार पाठीमागं लपवला.

सगळं उरकून माणसं पांगली. पोती रानात नेऊन टाकली होती, खिडकीचं गोणपाट काढलं होतं, देवघरात ऊन आलं होतं. वास आता कसलाच नव्हता. इरम्मा दारात घुटमळली. घट तसाच होता, कुणी हलवला नव्हता. हातभर उंच झाला होता, पिवळाजर्द, कोंब वाकून पत्रावळीबाहेर आले होते. एवढा घट त्या वस्तीवर कुणी बघितला नव्हता. "ह्याचं काय करायचं?" इरम्मानं हळूच विचारलं. मग उत्तराची वाट न बघता ती निघून गेली.

प्रेमाबाई भिंतीला टेकून बसली होती. शिवकन्या आली आणि तिच्यासमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. दोन दिवसांत ती सासूशी एक अक्षर बोलली नव्हती. तिनं दोन्ही हात पुढं केले, त्या दिवशी केले होते तसेच.

"आत्या, एक इचारते. खरं सांगा. त्या दिशी माझ्या हाताला वास आला हुता का?"

प्रेमाबाईनं त्या हातांकडं बघितलं. काडानं कापलेल्या जागा अजून भरल्या नव्हत्या. इरम्मा गेली होती, बलभीम ओसरीवर पाठ करून बसला होता. आता कुणापुढं मान राखायचा उरला नव्हता.

"न्हवता," ती म्हणाली.

शिवकन्येनं हात मागं घेतले आणि मांडीवर ठेवले.

"म्हंजी तुमाला तवाच ठावं हुतं," ती म्हणाली, "की वास दुसरीकडनं येतोय."